क्रेडिट कार्डाचे बिनव्याजी दिवस: कसे मोजायचे, कसे टिकवायचे, कुठे हातचे जातात

भारतातल्या जवळपास प्रत्येक क्रेडिट कार्डाच्या माहितीपत्रकात ‘५० दिवसांपर्यंत बिनव्याजी’ अशा अर्थाची ओळ असते. सवलत खरी आहे. नीट वापरली तर वर्षानुवर्षं एक रुपयाही व्याज न भरता कार्ड चालवता येतं. पण ती एका अटीवर मिळते: बिलात दाखवलेली पूर्ण रक्कम, शेवटच्या तारखेच्या आत, दर महिन्याला भरायची. अट मोडली की त्याच खरेदीवर वर्षाला ३६ ते ४५ टक्क्यांच्या घरातलं व्याज लागतं, तेही मागच्या तारखेपासून. पहिलं कार्ड घेणाऱ्याला कार्ड विकणारा माणूस पॉइंट्स आणि कॅशबॅकबद्दल भरभरून सांगतो, या अटीबद्दल मात्र क्वचितच बोलतो.

कार्ड घेण्याआधी काय वाचायचं

रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे अर्जासोबत एक पानाचं मुख्य माहितीचं पत्रक देणं बँकेवर बंधनकारक आहे. त्यात व्याजदर आणि शुल्कं असतात. त्याखेरीज ‘मोस्ट इम्पॉर्टंट टर्म्स अँड कंडिशन्स’ नावाची लांबलचक पीडीएफ बँकेच्या संकेतस्थळावर असते. ती सगळी वाचायला जमलं नाही तरी चार गोष्टी शोधून काढाच: मासिक व्याजदर, उशिराच्या शुल्काचे टप्पे, रोख रक्कम काढण्याचं शुल्क, आणि बिल निघाल्यापासून भरण्यासाठी मिळणारे दिवस.

व्याजदर महिन्याचा लिहिलेला असतो, म्हणून तो छोटा वाटतो. ३.५ टक्के म्हणजे वर्षाला ४२ टक्के, आणि व्याजावर १८ टक्के जीएसटी वेगळा. गृहकर्जाशी किंवा सोनेतारण कर्जाशी हा आकडा ताडून बघा, म्हणजे किती महाग पैशाला हात लावतोय ते कळेल. यावर कायद्याने काही मर्यादा असेल अशी समजूतही ठेवू नका. ३० टक्क्यांहून जास्त व्याज घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असा निर्णय राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो २० डिसेंबर २०२४ रोजी रद्द केला.

‘लाइफटाइम फ्री’ आणि ‘पहिलं वर्ष फ्री’ यांत मोठा फरक आहे. दुसऱ्या प्रकारात तेराव्या महिन्याच्या बिलात वार्षिक शुल्क आणि त्यावरचा जीएसटी गुपचूप येऊन बसतो. कार्ड वर्षभर वापरलं नाही म्हणून बिल उघडून पाहिलं नाही, तर तीच रक्कम थकते आणि त्यावर उशिराचं शुल्क चढत जातं. सुरुवातीला, हात बसेपर्यंत, लाइफटाइम फ्री कार्डच घ्यावं.

आधी कुठलंच कर्ज घेतलेलं नसेल तर अर्ज नाकारला जाऊ शकतो. अशा वेळी मुदत ठेवीवर मिळणारं कार्ड हा चांगला मार्ग आहे. ठेवीच्या साधारण ८० ते १०० टक्के लिमिट (कार्डावर खर्च करता येणारी कमाल रक्कम) मिळतं, ठेवीवरचं व्याज चालू राहतं आणि बिनव्याजी दिवसांचे नियम इतर कार्डांसारखेच असतात. नियमित भरणा झाला की वर्षभरात साधं कार्ड मिळण्याइतका सिबिल स्कोअर (कर्जफेडीच्या शिस्तीवरून मिळणारे गुण) बहुधा तयार होतो.

दोन तारखा पाठ करा

कार्डाला दोन तारखा असतात. एक स्टेटमेंटची, म्हणजे बिल निघण्याची. दुसरी ड्यू डेट, म्हणजे भरण्याची शेवटची. बिल पाठवल्यापासून निदान पंधरा दिवस भरण्यासाठी मिळायला हवेत असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. बहुतेक बँका १८ ते २० दिवस देतात.

समजा तुमचं बिल दर महिन्याच्या १० तारखेला निघतं आणि भरायला २० दिवस मिळतात. मग ११ जून ते १० जुलै या काळातली खरेदी १० जुलैच्या बिलात येईल आणि ती ३० जुलैपर्यंत भरायची. ११ जूनला केलेल्या खरेदीला ४९ दिवस मिळाले. १० जुलैला केलेल्या खरेदीला फक्त २०. जाहिरातीतला ५० चा आकडा हा असा येतो: तो कमाल आकडा आहे आणि प्रत्येक खरेदीला तेवढे दिवस मिळत नाहीत.

म्हणून मोठी खरेदी करायची असेल आणि दोन-चार दिवस थांबता येत असेल, तर बिल निघून गेल्यावर करावी. मात्र एक बारकावा लक्षात ठेवा. बँक व्यवहाराची तारीख पाहते तशी तो खात्यात नोंदला गेल्याची तारीखही पाहते. दुकानदाराच्या मशीनवर ९ तारखेला स्वाइप केलेली रक्कम ११ किंवा १२ ला नोंदली जाऊ शकते आणि पुढच्या बिलात जाऊ शकते. याच्या उलट, काही व्यवहारांत रक्कम लगेच नोंदली जाते. त्यामुळे बिलाच्या आगेमागे एक-दोन दिवस सोडूनच खरेदी करा. अगदी काठावर हिशेब करू नका.

ड्यू डेट तुमच्या पगाराच्या दोन-तीन दिवस आधी येत असेल तर दर महिन्याला ओढाताण होणार. बिलाची तारीख निदान एकदा तरी सोयीप्रमाणे बदलून देण्याचा पर्याय बँकेने द्यायचाच असतो. ॲपमध्ये ‘बिलिंग सायकल’ असा पर्याय शोधा, नाही सापडला तर ग्राहक सेवेला फोन करून मागा. पगार १ तारखेला होत असेल तर ड्यू डेट ५ ते १० च्या दरम्यान असलेली बरी. बदलाच्या महिन्यात एक बिल नेहमीपेक्षा लहान किंवा मोठ्या काळाचं येतं. त्या महिन्याची नवी ड्यू डेट आवर्जून तपासा.

बिलातले आकडे

बिलावर दोन रकमा ठळक असतात. ‘टोटल अमाउंट ड्यू’ ही पूर्ण रक्कम. ‘मिनिमम अमाउंट ड्यू’ ही त्याच्या पाच टक्क्यांच्या आसपास. तीत हप्ते चालू असतील तर ते पूर्ण धरलेले असतात. तुमच्यासाठी पहिलाच आकडा महत्त्वाचा. ॲपमध्ये तिसरा आकडाही दिसतो, ‘करंट आउटस्टँडिंग’. त्यात बिल निघाल्यानंतरची नवी खरेदीही मिसळलेली असते. ती आत्ता भरली नाही तरी बिनव्याजी दिवसांना धक्का लागत नाही.

बिल आलं की आधी यादी वाचा. न केलेला व्यवहार, दोनदा लागलेली रक्कम, बंद केलेल्या ओटीटीची वर्गणी, न मागितलेल्या विम्याचा हप्ता हे सगळं इथेच पकडता येतं. चूक दिसली तर लगेच लेखी तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा.

भरणा: ऑटोपे लावताना

सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे बचत खात्यावर ऑटोपे, म्हणजे बिल आपोआप भरलं जाण्याची सोय, लावणं. तो लावताना एक पर्याय निवडावा लागतो: पूर्ण रक्कम की किमान रक्कम. इथे बरेच नवखे चुकतात. काही ठिकाणी किमान रकमेचा पर्याय आधीच टिक केलेला असतो. माणूस ‘ऑटोपे आहे’ म्हणून निर्धास्त राहतो आणि तीन महिन्यांनी बिलात ‘फायनान्स चार्जेस’, म्हणजे व्याज, दिसतं. ऑटोपे लावल्यावर पहिल्या महिन्यात खात्यातून किती रक्कम गेली ते बिलाशी ताडून पाहा.

बचत खात्यात पैसे कमी पडले तर ऑटोपे परत जातो. मग दोन्हीकडून फटका बसतो: खात्याची बँक शुल्क लावते आणि कार्डाची बँकही. म्हणून ड्यू डेटच्या आदल्या दिवशी शिल्लक पाहण्याची आठवण मोबाइलमध्ये लावा. नवा ऑटोपे सुरू व्हायला एखादं बिल जाऊ शकतं. तोपर्यंत हाताने भरा.

हाताने भरत असाल तर तीन-चार दिवस हातात ठेवून भरा. कार्डाच्याच बँकेच्या ॲपमधून केलेला भरणा बहुधा लगेच जमा होतो. दुसऱ्या ॲपमधून किंवा धनादेशाने भरला तर दोन-तीन कामाचे दिवस लागू शकतात. तुमच्या खात्यातून पैसे वजा झाले एवढ्याने भरणा झाला असं होत नाही. कार्डाच्या खात्यात ते जमा झाल्याचा संदेश यायला हवा.

आणि रक्कम पैशासकट भरा. १८,४३७.६० रुपयांचं बिल असेल तर १८,४०० भरून ‘झालं जवळपास’ म्हणू नका. कमी भरलं तर ते अपुरंच धरलं जातं. १८,४३८ भरा, जास्तीचे चाळीस पैसे पुढच्या बिलात वळते होतात.

तीन दिवसांच्या सवलतीबद्दल बराच गैरसमज आहे. ड्यू डेट उलटून तीन दिवसांपेक्षा जास्त झाले तरच बँकेला उशिराचं शुल्क लावता येतं आणि थकबाकीदार म्हणून सिबिलसारख्या संस्थांना कळवता येतं, असा नियम आहे. ती सवलत शुल्कापुरती आणि सिबिलच्या नोंदीपुरती आहे. व्याजाला ती लागू नाही. दोन दिवस उशिरा पूर्ण भरलंत तर शुल्क लागणार नाही, बिनव्याजी दिवस मात्र गेलेले असू शकतात.

किमान रक्कम भरली तर नेमकं काय होतं

एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवून पाहू. बिल १० तारखेला, ड्यू डेट ३० जुलै, दर महिना ३.५ टक्के.

१५ जूनला ३०,००० रुपयांचा फ्रिज घेतला. १० जुलैच्या बिलात ३०,००० आले, किमान रक्कम १,५००. तुम्ही ३० जुलैला १,५०० भरले. उशिराचं शुल्क लागलं नाही. मधल्या काळात, १४ जुलैला, ६,००० रुपयांचं किराणा सामान कार्डावर घेतलं.

आता १० ऑगस्टचं बिल. राहिलेल्या २८,५०० वर व्याज ३० जुलैपासून लागत नाही, १५ जूनपासून लागतं. १५ जून ते १० ऑगस्ट हे ५६ दिवस. २८,५०० गुणिले ४२ टक्के गुणिले ५६ भागिले ३६५, म्हणजे सुमारे १,८३६ रुपये. आणि किराणा? मागचं बिल पूर्ण भरलं नसल्यामुळे नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. ६,००० वर १४ जुलैपासून २७ दिवसांचं व्याज, सुमारे १८६ रुपये. एकूण व्याज २,०२२. त्यावर जीएसटी ३६४. म्हणजे १,५०० रुपये भरून ‘वेळ निभावली’ आणि त्यासाठी २,३८६ रुपये लागले.

दुसरा भाग जास्त लोकांना गाठतो: नवी खरेदी. फ्रिजवर व्याज लागेल याची अनेकांना कल्पना असते. पण त्या महिन्यापासून चहा-नाश्ता, पेट्रोल, औषधं, जे जे कार्डावर घ्याल त्यावर त्या दिवसापासूनच व्याज धावतं, हे माहीत नसतं. म्हणून बाकी राहिली असेल तर पहिलं काम एकच: त्या कार्डावर खरेदी थांबवायची.

पुढे बघा. १० ऑगस्टचं सुमारे ३६,८८६ चं बिल तुम्ही ३० ऑगस्टला पूर्ण भरलं. तरीही १० सप्टेंबरच्या बिलात व्याज दिसेल. कारण १० ते ३० ऑगस्ट हे वीस दिवस ३४,५०० रुपये बाकी होतेच. त्यांचं व्याज सुमारे ७९४ आणि जीएसटी १४३. बिल पूर्ण भरूनही व्याज आलं म्हणून लोक बँकेशी भांडतात, पण ही चूक नसते. बिनव्याजी दिवस पूर्ववत व्हायला काही बँकांत सलग दोन बिलं पूर्ण भरावी लागतात. तोपर्यंत नवी खरेदी डेबिट कार्डाने किंवा थेट बचत खात्यातून करा.

महिनोन्‌महिने फक्त किमान रक्कमच भरत राहिलं तर काय, हेही पाहा. एक लाखाची बाकी धरा. महिन्याचं व्याज ३,५००, जीएसटी ६३०, मिळून ४,१३०. किमान रक्कम सरसकट पाच टक्के असेल तर तुम्ही ५,००० भरता, आणि मुद्दलातून ८७० रुपये कमी होतात. किमान रक्कम अशी असू नये की बाकी कमीच होणार नाही, एवढं बंधन रिझर्व्ह बँकेने घातलं आहे. ८७० रुपयांनी ते पाळलं जातं. तुमचं कर्ज मात्र वर्षानुवर्षं हलत नाही.

अंशतः भरणा केला तर व्याज कशावर घ्यायचं यावरही नियम आहे. भरलेली रक्कम, परतावा आणि उलटवलेले व्यवहार वजा करून जे उरेल त्या बाकीवरच व्याज लावावं, हे २०२४ च्या दुरुस्तीत स्पष्ट केलं गेलं. न भरलेली शुल्कं आणि कर मुद्दलात मिसळून त्यावर व्याज लावायलाही मनाई आहे. तुमच्या बिलातला आकडा फार मोठा वाटला तर हा हिशेब कागदावर मांडा आणि बँकेकडे लेखी खुलासा मागा.

बिनव्याजी दिवस कधीच नसलेले व्यवहार

एटीएममधून कार्डाने रोख काढली तर पहिल्या दिवसापासून व्याज. वर काढण्याचं शुल्क, बहुधा अडीच टक्के किंवा ५०० रुपये यांतलं जे जास्त असेल ते. १०,००० रुपये काढून महिनाभराने परत केले तर ५०० शुल्क, त्यावर ९० जीएसटी, व्याज ३४५, त्यावर ६२. दहा हजारांसाठी जवळजवळ एक हजार रुपये. दवाखान्याची वेळ आली तरी आधी थेट कार्ड चालतं का ते विचारा, रोख हा शेवटचा पर्याय.

घरभाडं, वॉलेटमध्ये पैसे भरणं यांवर बँका वेगळं शुल्क लावतात किंवा काही व्यवहार रोख काढल्यासारखे धरतात. ‘भाडं कार्डावर भरा, ५० दिवस पैसे वापरा’ अशी क्लृप्ती समाजमाध्यमांवर फिरते. भाड्यावर एक टक्का शुल्क आणि त्यावर जीएसटी धरला तर २०,००० च्या भाड्यावर २३६ रुपये जातात, शिवाय भाडं भरणारं ॲप स्वतःचं शुल्क लावतं ते वेगळं. तेवढ्या दिवसांत बचत खात्यावर याच्या निम्मंही व्याज मिळत नाही.

नो कॉस्ट ईएमआय: ‘बिनव्याजी’चा दुसरा अर्थ

नो कॉस्ट ईएमआय म्हणजे ‘व्याज नाही’ असं सांगून वस्तूची किंमत मासिक हप्त्यांत भरू देण्याची योजना. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी काही गोष्ट नसते. क्रेडिट कार्डांच्या अशा योजनांत व्याज बहुधा प्रोसेसिंग फीच्या रूपात दडवलेलं असतं. आताच्या नियमांप्रमाणे हप्ता करण्याआधी मुद्दल, व्याज आणि दुकानदाराने किंवा बँकेने दिलेली सूट हे तिन्ही आकडे वेगवेगळे दाखवावे लागतात, बिलातसुद्धा. ते पडद्यावर येतात तेव्हा घाईने पुढे जाऊ नका, फोटो काढून ठेवा.

२४,००० चा मोबाइल, सहा महिन्यांचे ४,००० चे हप्ते, बँकेचा दर वर्षाला १६ टक्के असं धरू. बँक प्रत्यक्षात २२,९१९ चं कर्ज नोंदवते. १,०८१ रुपयांची सूट दुकानदार किंवा कंपनी देते आणि तेवढंच व्याज तुम्ही हप्त्यांतून भरता. इथपर्यंत बरोबरी झाली. पण त्या १,०८१ वरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे १९५ रुपये, तुमच्याच खिशातून जातो. प्रोसेसिंग फी १९९ असेल तर जीएसटीसह २३५. एकूण ४३० रुपये जास्त, आणि पहिल्या बिलात ४,००० ऐवजी साधारण ४,२९० दिसतात.

४३० रुपयांत सहा महिने मिळत असतील तर ते वाईट नाही. खरा प्रश्न दुकानात विचारायचा असतो: एकरकमी दिले तर किती कमी कराल? तिथे १,२०० ची सूट मिळणार असेल आणि हप्त्यावर ती जात असेल, तर तुमचा खर्च १,६३० झाला. हा प्रश्न भाव ठरण्याआधी विचारा. हप्त्याचं बोलणं सुरू झाल्यावर सूट कुणी काढत नाही.

हप्त्यांबाबत आणखी काही गोष्टी नवख्यांना उशिरा कळतात:

- सुरुवातीला पूर्ण रकमेएवढं लिमिट अडकतं आणि हप्ता भरला जाईल तसं थोडं थोडं सुटतं. ५०,००० च्या लिमिटवर २४,००० चा हप्ता घेतला की महिन्याच्या खर्चाला २६,००० च उरतात.
- मुदतीआधी कर्ज फेडलं तर उरलेल्या मुद्दलावर तीन टक्क्यांच्या आसपास शुल्क लागू शकतं.
- वस्तू परत केली तरी हप्ता आपोआप रद्द होईलच असं नाही. परताव्याची रक्कम जमा झाली की बँकेला फोन करून हप्ता बंद करायला सांगा. तोवरचं व्याज, जीएसटी आणि प्रोसेसिंग फी सहसा परत मिळत नाही.
- अनेक कार्डांवर हप्त्यांच्या खरेदीला पॉइंट मिळत नाहीत.

‘तुमचं बिल हप्त्यांत बदला’ असा संदेश बिल निघाल्यावर येतो तो नो कॉस्ट नसतो. त्यात कोणी सूट देत नाही, व्याज पूर्ण लागतं. पण पूर्ण बिल भरणं अशक्यच झालं असेल तर किमान रक्कम भरून बसण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी बरा. ४२ टक्क्यांऐवजी बहुधा १५ ते २० टक्क्यांवर येता. ड्यू डेटच्या आधी रूपांतर करा आणि उरलेलं बिल पूर्ण भरा.

बाकी साठलीच असेल तर

कार्ड पाकिटातून काढा आणि खरेदीच्या ॲपमध्ये साठवलेलं असेल तर तिथूनही पुसा. मग स्वस्त पैसा कुठून मिळतो ते पाहा. मुदत ठेवीवर कर्ज, सोनेतारण, पगारखात्याच्या बँकेचं वैयक्तिक कर्ज, या क्रमाने विचारा. बहुधा यांतलं काहीही कार्डापेक्षा स्वस्तच असतं. ठेवीवर सात टक्के मिळवत असताना कार्डावर ४२ टक्के भरत राहणं हे शुद्ध नुकसान आहे, आणि तरी घरोघरी ते होतं, कारण ठेव मोडायला मन होत नाही.

बॅलन्स ट्रान्सफर म्हणजे एका कार्डाची बाकी दुसऱ्या कार्डावर कमी दराने नेणं. तीन किंवा सहा महिन्यांचा कमी दर मिळतो, प्रोसेसिंग फी लागते. मुदत संपली की उरलेल्या रकमेला नेहमीचा दर लागतो. आणि ज्या कार्डावर बाकी नेली, त्यावरच्या नव्या खरेदीला सहसा बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. तेव्हा मुदतीत फेडता येईल एवढीच रक्कम न्या आणि त्या कार्डाला खरेदीसाठी हात लावू नका.

परतावा, लिमिट आणि स्कोअर

खरेदी रद्द केली, परतावा येणार आहे, म्हणून तेवढी रक्कम वजा करून बिल भरणं धोक्याचं. ड्यू डेटआधी आलेला परतावा देय रकमेतून वळता करावा असा नियम आहे, पण दुकानदाराकडून तो ड्यू डेटआधी येईलच याची हमी कोण देणार? बिल पूर्ण भरा. नंतर आलेला परतावा खात्यात जमा राहतो आणि मागितल्यास बचत खात्यात परत मिळतो.

लिमिट वाढवल्याचा संदेश आला आणि तुम्ही होकार दिलेला नसेल तर आक्षेप घ्या; तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लिमिट वाढवता येत नाही. लिमिटच्या वर खर्च करू देण्याची सोयही संमतीशिवाय लावता येत नाही, ती बंदच ठेवा. वापर लिमिटच्या ३० टक्क्यांच्या आत राहिला तर स्कोअरला चांगलं. एखाद्या महिन्यात मोठी खरेदी झाली तर बिल निघण्याआधीच काही रक्कम भरून टाका, म्हणजे बिलात आणि पर्यायाने स्कोअर देणाऱ्या संस्थेकडे कमी आकडा जातो.

न मागितलेलं कार्ड टपालाने आलं तर ते सुरू करू नका, ओटीपी देऊ नका. तीस दिवसांत ते सुरू झालं नाही तर बँकेने तुमची ओटीपीने संमती घ्यायची असते आणि ती न मिळाल्यास सात कामाच्या दिवसांत, काही न आकारता, खातं बंद करायचं असतं.

तक्रार आणि कार्ड बंद करणं

चुकीचं शुल्क लागलं तर आधी बँकेच्या ग्राहक सेवेकडे, मग तिच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी जा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर ऑनलाइन तक्रार करता येते. त्यासाठी फी नाही आणि वकीलही लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. तक्रार चालू असताना वाद नसलेली रक्कम वेळेत भरत राहा, नाहीतर मूळ मुद्दा बाजूला पडून थकबाकीच वाढते.

कार्ड बंद करायचं असेल तर आधी सगळी बाकी शून्य करा, चालू हप्ते संपवा, पॉइंट वापरा आणि त्या कार्डावरच्या वर्गण्या दुसरीकडे हलवा. मग ॲप, ईमेल किंवा फोनवरून विनंती नोंदवा. बाकी नसेल तर सात कामाच्या दिवसांत कार्ड बंद करणं बँकेवर बंधनकारक आहे. उशीर झाल्यास बँकेने दर दिवसाला ५०० रुपये तुम्हाला द्यायचे असतात. विनंतीची तारीख असलेला ईमेल आणि बंद झाल्याचं पत्र दोन्ही ठेवा, आणि दोन महिन्यांनी सिबिलच्या अहवालात ते खातं ‘क्लोज्ड’ दिसतंय का हे एकदा पाहून घ्या. वर्षातून एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो.